विघटन-प्रयोगासाठी देह पुरणं आणि तो खड्डा उकरणं: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पुरलेला देह मातीत कसा कुजतो हे गुन्ह्यांच्या तपासासाठी समजून घ्यायला डुक्कर पुरून विघटन-प्रयोग केले जातात. त्यांचे विद्यार्थ्यांचे अहवाल मी बरीच वर्षं तपासतो आहे. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. तुलनेसाठी रिकामा खड्डा ठेवलेला नसतो. तापमान हवेचं घेतलेलं असतं. खोली खचलेल्या मातीवरून मोजलेली असते. आणि उकरताना खड्ड्याच्या भिंतीच खणून टाकलेल्या असतात. यातली एकही चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही, कारण पुरलेला खड्डा एकदाच उघडतो. म्हणून खालचे टप्पे आधी शेवटपर्यंत वाचून काढा आणि मगच फावड्याला हात लावा.

मानवी देहावरचे असे प्रयोग देहदान स्वीकारणाऱ्या मोजक्या संशोधन केंद्रांतच होतात. अमेरिकेत नॉक्सविल इथलं टेनेसी विद्यापीठाचं केंद्र त्यांत सर्वांत जुनं. बाकी बहुतेक ठिकाणी डुक्करच वापरलं जातं. त्याची कातडी, चरबीचं प्रमाण आणि आतडी माणसाशी बऱ्यापैकी जुळतात. पण जुळणं म्हणजे एकच असणं नव्हे. माणूस आणि डुक्कर शेजारी-शेजारी ठेवून केलेल्या प्रयोगांत दोघांच्या विघटनाची गती आणि रीत वेगळी निघाली आहे. डुकरावरून काढलेला आकडा जसाच्या तसा माणसाला लावू नका, आणि ही मर्यादा अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा.

## टप्पा १. प्रश्न एका वाक्यात लिहा, मग खड्डे मोजा

"पुरलेल्या देहाचं काय होतं ते पाहणे" हा प्रश्न होत नाही. "याच मातीत ३० सेंमी आणि ६० सेंमी खोलीवर पुरलेल्या देहांच्या विघटनात तीन, सहा आणि बारा महिन्यांनी किती फरक दिसतो?" हा झाला प्रश्न. यातून खड्ड्यांची संख्या आपोआप ठरते: खोल्या २, उकरण्याच्या वेळा ३, प्रत्येकी किमान ३ देह, म्हणजे २ × ३ × ३ = १८. शिवाय खणून, देह न ठेवता पुन्हा भरलेले रिकामे खड्डे, प्रत्येक खोली आणि प्रत्येक वेळेसाठी किमान एक, म्हणजे आणखी ६. एकूण २४.

आकडा झेपत नसेल तर प्रश्न लहान करा. एकच खोली घ्या किंवा वेळा दोनच ठेवा. देहांची संख्या तीनवरून एकवर आणू नका. एका खड्ड्यात पाणी साचलं किंवा एक डुक्कर आधीच आजारी होतं, तर त्या एकाच देहावरून काढलेला निष्कर्ष कोसळतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक इथेच होते: एकच खड्डा तिसऱ्या महिन्यात उघडायचा, पाहायचा, बुजवायचा आणि सहाव्या महिन्यात पुन्हा उघडायचा. पहिल्यांदा उघडलात तेव्हाच आत हवा गेली, माती सैल झाली, माशांना वाट मिळाली. दुसऱ्यांदा जे दिसतं ते तुमच्या पहिल्या उकरण्याचं फळ असतं. एक खड्डा, एकच उघडणी.

तपासा: कोणता देह कोणत्या खड्ड्यात आणि कोणता खड्डा कधी उघडायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आहे का? सोयीचे खड्डे आधी उघडले तर उताराच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा फरक तुमच्या निकालात काळाचा फरक म्हणून घुसतो.

## टप्पा २. परवानगी, जागा, संरक्षण

प्राणी-नैतिकता समितीची मान्यता, जमीनमालकाची लेखी संमती आणि मृत प्राणी पुरण्याबाबतचे तिथले नियम, ही तिन्ही कागदपत्रं हातात येईपर्यंत थांबा. स्थानिक पोलिसांनाही खड्ड्यांच्या नकाशासह कळवून ठेवा. उद्या कुणाला तिथे हाड सापडलं तर धावपळ होऊ नये.

जागा निवडताना आधी पाणी पाहा. भूजलाची पातळी पावसाळ्यात कुठवर येते, विहीर किंवा ओढा किती लांब आहे, उतार कोणत्या बाजूला आहे. देहातून झिरपणारा द्रव उताराच्या दिशेने सरकतो, म्हणून रिकामे खड्डे देहांच्या खालच्या अंगाला कधीच घेऊ नका. खड्ड्यांमध्ये काही मीटर अंतर ठेवा. कुत्री-कोल्ही उकरणार नाहीत असं कुंपण घाला आणि जाळीची खालची कड जमिनीत गाडा. नुसती टेकवलेली जाळी पहिल्या आठवड्यातच उचकटली जाते.

सावधान: काम करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस घेतलेली असावी. साधारण १.२ मीटरपेक्षा खोल खड्ड्यात भिंतींना आधार दिल्याशिवाय कुणीही उतरू नये. सैल मातीत त्याहून उथळ खड्डाही ढासळतो.

## टप्पा ३. पुरण्याआधीची मोजणी

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच गाळला जातो. पण "नंतर" चं मोल "आधी" मोजलेलं असेल तरच.

१. जागेबाहेर, कधी हलणार नाही असा एक संदर्भबिंदू पक्का करा. काँक्रीटमध्ये बसवलेली लोखंडी सळई उत्तम. पुढची प्रत्येक लांबी, प्रत्येक खोली याच बिंदूवरून मोजायची.

२. सुतळी आणि खुंट्यांनी चौकटी आखा आणि नकाशा काढा. वनस्पतींची नोंद आणि छायाचित्रं घ्या.

३. मातीचे नमुने थराथराने घ्या: ० ते १०, १० ते ३०, ३० ते ६० सेंमी. वाळू, गाळ आणि चिकणमातीचं प्रमाण, सामू, ओलावा, विद्युतवाहकता आणि सेंद्रिय कार्बन पाहा.

४. भूवेधी रडार (जमिनीत रेडिओलहरी सोडून आतलं शोधणारं यंत्र) किंवा विद्युत-रोध मापन (माती वीज किती अडवते ते मोजणं) वापरणार असाल तर पहिली फेरी आताच मारा. मातीतला एखादा मोठा दगड किंवा जुनी मुळी आधी दिसली नसेल, तर पुढे तीच "कबर" ठरते.

तपासा: मधल्या थराचा नमुना वरच्या थराच्या पिशवीत गेला नाही ना? प्रत्येक थराला हातमोजे बदला आणि थापी पुसून घ्या.

## टप्पा ४. देहाची तयारी

वजन शक्य तितकं सारखं, पाळणूक एकच, मृत्यूची वेळ नोंदलेली आणि मृत्यूपासून पुरण्यापर्यंतचा अवधी सगळ्यांना समान. पोट फाडलेलं, आतडी काढलेली जनावरं उपयोगाची नाहीत. विघटनाची सुरुवात आतड्यांतल्या जिवाणूंपासूनच होते. नुकतीच प्रतिजैविकं दिलेली डुकरंही त्याच कारणाने टाळा.

गोठवून ठेवलेला देह वापरू नका. सोयीसाठी बरेच जण वापरतात. गोठल्याने पेशी फुटतात, आतल्या जिवाणूंना फटका बसतो, आणि वितळल्यावर देह आतून बाहेर कुजण्याऐवजी बाहेरून आत कुजू लागतो. मग तुम्ही मोजत आहात ती शीतपेटीची करामत असते.

माशांचा प्रश्न इथेच सोडवा. देह उघड्यावर तासभर पडला तरी नाकपुड्यांत आणि डोळ्यांच्या कडांना निळ्या-हिरव्या माश्या अंडी घालून जातात, आणि ती अंडी देहाबरोबर मातीत जातात. तुमच्या प्रश्नाला माश्या नको असतील तर देह मृत्यूनंतर लगेच बारीक जाळीने झाका. हव्या असतील तर उघडं ठेवण्याचा वेळ सगळ्यांना सारखाच, घड्याळ लावून द्या.

कपडे किंवा गुंडाळण हा स्वतंत्र घटक धरा. सुती कापड लवकर कुजतं, कृत्रिम धाग्याचं वर्षानुवर्षं टिकतं, प्लास्टिकमध्ये द्रव साचून राहतो. "जे मिळालं त्यात गुंडाळलं" असं एका अहवालात वाचलं, तेव्हा त्याचं पुढचं सगळं काम बाजूला ठेवावं लागलं. वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती.

## टप्पा ५. खणणं, ठेवणं, बुजवणं

१. गवताचा थर चौकोनी कापून वेगळा ठेवा. वरची माती एका ताडपत्रीवर, खालची दुसऱ्या.

२. लांबी, रुंदी आणि खोली संदर्भबिंदूवरून मोजा. कोणतं अवजार वापरलं, त्याच्या पात्याची रुंदी किती आणि कडेला कुठे खाच आहे, हे लिहून ठेवा. उकरताना भिंतीवर याच पात्याचे ठसे शोधायचे आहेत.

३. लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदणारी छोटी यंत्रं, बसवा: एक देहाच्या आत, एक देहाच्या खोलीवर शेजारच्या मातीत, एक रिकाम्या खड्ड्यात त्याच खोलीवर, एक सावलीत हवेसाठी. दर तासाला एक नोंद पुरेशी आहे. सगळ्यांची घड्याळं एकाच वेळी जुळवा.

४. देह कुशीवर, डोकं एकाच दिशेला. ठेवल्यावर वरून छायाचित्र घ्या.

५. पुराव्याच्या शोधाची परीक्षाही घ्यायची असेल तर बटणं, नाणी, काडतुसांची रिकामी पुंगळी अशा वस्तू ठरावीक जागी ठेवा. त्यांची यादी लिफाफ्यात बंद करा आणि उकरणाऱ्यांना दाखवू नका.

६. माती ज्या क्रमाने काढली त्याच्या उलट क्रमाने भरा. दाबली की नाही, उरली किती, ढीग किती उंच राहिला, तेही लिहा.

सावधान: आमच्या एका प्रयोगात देहाच्या आत ठेवलेला लॉगर अकराव्या दिवशी बंद पडला. झाकणाचं रबर नीट बसलं नव्हतं आणि द्रव आत शिरला. कळलं ते सात महिन्यांनी, उकरल्यावर. तेव्हापासून प्रत्येक लॉगर आधी दोन दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतो आणि देहाच्या आत एकाऐवजी दोन घालतो.

## टप्पा ६. मधला काळ

खड्ड्यांवर चालू नका. येण्या-जाण्याची एकच पायवाट आखा आणि तिथेच चाला. ठरल्या दिवशी चार गोष्टी नोंदवा: जमिनीचं खचणं, भेगा, वनस्पती, वास. खचणं दोनदा दिसू शकतं. भरलेली माती बसल्याने खड्डाभर पहिलं, आणि पोटाचा भाग कोसळला की मधोमध छोटं दुसरं. रिकाम्या खड्ड्यावर पहिलं दिसतं, दुसरं दिसत नाही. प्रत्यक्ष शोधात उपयोगी पडणारा फरक हाच.

विद्युत-रोधाचे आकडे वाचताना गुंडाळण लक्षात ठेवा. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने डुकरांच्या नकली कबरींवर बरीच वर्षं मोजणी केली आहे. न गुंडाळलेल्या देहातून क्षारयुक्त द्रव मातीत उतरतो, त्यामुळे तिथे विद्युत-रोध कमी दिसतो. गुंडाळलेल्या देहावर गुंडाळणच अडसर होतं आणि रोध जास्त दिसतो. "कबर म्हणजे कमी रोध" एवढंच पाठ करून गेलात तर गुंडाळलेला देह सुटेल.

## टप्पा ७. उत्खनन

पुरणारा गट आणि उकरणारा गट वेगळा हवा. ज्याने पुरलं त्याचा हात नकळत योग्य जागी जातो.

७.१ कड शोधा. गवत मुळाशी कापा, उपटू नका. थापीची धार जमिनीला जवळपास समांतर धरून अंगाकडे ओढत एकेक सेंटिमीटर माती खरवडा. नुसती टोकं मारत राहिलात तर कड कधीच दिसणार नाही. ताज्या खरवडलेल्या जमिनीत खड्ड्याची माती मिसळलेली, ठिपक्याठिपक्यांची दिसते आणि भोवतालची एकसारखी. जमीन सुकली असेल तर बारीक फवाऱ्याने पाणी मारा आणि मिनिटभर थांबा: सैल माती ओलावा वेगळ्या गतीने धरते आणि कड रेघेसारखी उठून येते. ती लगेच खिळ्यांनी आणि सुतळीने आखा, उत्तरदर्शक बाण आणि मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. दहा मिनिटांनी ती दिसेलच असं नाही.

७.२ भराव काढा, भिंती ठेवा. देहाभोवती मोकळी जागा हवी म्हणून चारही बाजूंनी खणून देह मातीच्या चौथऱ्यावर उभा ठेवायची सवय अनेकांना आहे. काम सोपं होतं, पण भिंती जातात. आणि भिंतीतच अवजाराचे ठसे, तुटलेली मुळं आणि खणणाऱ्याच्या उभं राहण्याची बाजू असते. म्हणून कडेच्या आत राहून फक्त भराव काढा. भरावात वेगवेगळे थर असतील तर शेवटी टाकलेला आधी काढा आणि प्रत्येक थराला स्वतंत्र क्रमांक द्या. सरळ दहा-दहा सेंटिमीटरचे काप घेऊ नका. खड्डा भरणाऱ्याने माती अशी मोजून टाकलेली नसते.

भिंतीशी आलात की थापी बाजूला ठेवा आणि लाकडी पट्टीने भराव अलगद मोकळा करा. चिकणमातीत तो भिंतीपासून खपलीसारखा सुटतो. एकदा अशी हातभर खपली सुटली आणि मागे फावड्याच्या पात्याची वक्र रेघ दिसली, कडेवरच्या खाचेसकट. ओळंब्याने तिचा कोन मोजला, तिरपा उजेड पाडून छायाचित्र घेतलं आणि मगच तिचा साचा काढला. हा क्रम मोडू नका. साचा काढताना ठसा गेला तरी छायाचित्र उरतं.

मुळांकडेही असंच पाहा. भिंतीत कापलेली मुळी पुन्हा फुटली आहे का? भरावातून, कापडातून किंवा हाडाच्या पोकळीतून नवी मुळी गेली आहे का? बारमाही झाडाच्या मुळीतली वर्षवलयं मोजली तर देह किमान किती काळ तिथे आहे ते समजतं.

७.३ देह उघडा करा. इथून पुढे बांबूची काडी, लाकडी पट्टी आणि मऊ ब्रश. आधी पूर्ण देह उघडा, मग उचला. एक पाय दिसला म्हणून ओढून काढला की सांधे कोणत्या स्थितीत होते ते कायमचं गेलं. मऊ ऊती उघडी पडल्यावर थोड्याच वेळात रंग बदलू लागते, म्हणून रंगपट्टी ठेवून लगेच छायाचित्र घ्या आणि विघटनाचे गुणही (कुजणं किती पुढे गेलं ते सांगणारा आकडा, पद्धत टप्पा ८ मध्ये) तिथेच द्या. गुण देणारे दोघं हवेत, आणि कोणता देह किती काळ पुरलेला होता ते दोघांनाही माहीत नसावं.

पांढुरका, मेणचट, बोटाने दाबल्यावर भुरभुरणारा थर दिसला तर तो बुरशी समजून पुसू नका. ओल्या, हवा नसलेल्या जागी चरबीचं असं मेण होतं. ते कुठे, किती जाड आहे आणि त्याखाली ऊती टिकली आहे का, हे लिहा.

७.४ तळ. देह उचलला की काम संपलं, असं समजणाऱ्यांचे दात, नखं आणि छोट्या वस्तू तळातच राहतात. तळाच्या मातीचे नमुने घ्या आणि माती जिथे मुळीच हलवलेली नाही तिथवर, साधारण १० ते १५ सेंमी, खाली जा. शेवटी देह आणि भराव काढून मोकळ्या झालेल्या या खड्ड्याची मापं आणि छायाचित्रं घ्या.

७.५ चाळण. सगळा भराव चाळा, आणि कोणती माती कोणत्या थरातली हे बादलीवर लिहा. ५ ते ६ मिमीच्या चाळणीत हाडं आणि बटणं राहतात, पण पुरलेल्या देहावर येणाऱ्या फोरिड नावाच्या बारीक माश्यांचे कोष दोन-तीन मिलिमीटरचेच असतात. ते या चाळणीतून सरळ खाली जातात आणि अहवालात "कीटक आढळले नाहीत" असं छापलं जातं. देहाला लागून असलेली माती १ मिमीच्या चाळणीतून पाण्याने धुऊन घ्या.

तपासा: बंद लिफाफा आता उघडा. ठेवलेल्या किती वस्तू मिळाल्या, कोणत्या सुटल्या आणि कोणत्या थरातून सुटल्या?

## टप्पा ८. नमुने आणि हिशोब

हाडं आणि ओले कपडे प्लास्टिकमध्ये बंद करू नका. कागदी पिशवीत, सावलीत सुकवून. पाय डाव्या-उजव्या पिशव्यांत वेगळे. सूक्ष्मजीवांसाठीची माती लगेच थंड ठेवा, सामू आणि पोत पाहायची माती हवेत सुकवा. दोन्ही कामं एकाच पिशवीतून होत नाहीत.

काळाऐवजी संचित अंश-दिवस वापरा, म्हणजे रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज. पण तापमान देहाच्या खोलीवरचं. समजा ५० दिवस हवेची सरासरी २४ अंश आणि ६० सेंमी खोलीवर २० अंश होती. हवेवरून १२०० येतात, मातीवरून १०००. हा २०० चा फरक म्हणजे त्या मातीतले पूर्ण दहा दिवस. एखाद्या खऱ्या तपासात दहा दिवसांनी संशयित सुटू शकतो किंवा निर्दोष माणूस अडकू शकतो.

गुणांची पद्धत वापरताना ती कशावरून बनली ते पाहा. २००५ साली मेगेसी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली, डोकं, धड आणि हातपाय यांना वेगळे गुण देऊन ३ ते ३५ मध्ये बेरीज करणारी पद्धत पृष्ठभागावरच्या देहांसाठी आहे. गुण देण्याची शिस्त घ्या, मृत्यूची वेळ काढायचं तिचं सूत्र पुरलेल्या देहाला लावू नका. एकोणिसाव्या शतकातले जर्मन न्यायवैद्यक तज्ज्ञ कॅस्पर यांचा ठोकताळा, हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन आणि मातीतले आठ, हाही ठोकताळाच आहे. त्याने भागाकार करून तारीख काढू नये. खोलीनेच किती फरक पडतो ते टेनेसीच्या केंद्रातले संशोधक रॉड्रिगेझ आणि बास यांनी १९८५ साली मानवी देह वेगवेगळ्या खोलींवर पुरून दाखवलं होतं: जितकं खोल, तितकं तापमान स्थिर, कीटक कमी आणि कुजणं संथ.

मातीचे आकडे मांडताना देहाचा खड्डा थेट अस्पर्शित मातीशी ताडू नका. आधी रिकामा खड्डा वजा करा: खणल्यानेही ओलावा, घनता आणि सेंद्रिय कार्बन बदलतात. अस्पर्शित माती आणि रिकामा खड्डा यांतला फरक खणण्याचा, रिकामा खड्डा आणि देहाचा खड्डा यांतला फरक देहाचा. तक्त्यात हे तीन रकाने शेजारी-शेजारी, आणि चौथ्या रकान्यात बिघडलेले लॉगर, पाणी साचलेले खड्डे आणि उकरताना झालेल्या चुका, खड्ड्याच्या क्रमांकासकट.